पाखरं उठवणारी कॅसेट

या वर्षी द्राक्षं आणि नितीनचा अल्बम एकाच आठवड्यात बाजारात आले. गंगापूर रोडला पिकअप गाड्या उभ्या राहिल्या, मागे क्रेटवर क्रेट आणि पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, 'गोड आहे, खाऊन बघा'. त्याच दिवशी सईने, माझ्या मुलीने, मोबाइलवर लिंक पाठवली. 'आई, नितीनमामाचा अल्बम! कसला भारी आहे!' द्राक्षं मी लगेच घेतली. अल्बम ऐकायला मात्र चार दिवस लावले. वेळ नाही असं घरात सांगितलं, ते खोटं होतं. तो खरंच चांगला असेल तर काय, ही भीती होती.

तो खरंच चांगला निघाला.

नितीन माझा मावसभाऊ. मूळचा मनमाडचा, माझ्याच वयाचा. आता पुण्यात राहतो, दिवसा नोकरी करतो आणि गेली वीसेक वर्षं या ना त्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. मी नाशिकच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. हे वाक्य मी गेल्या महिन्यापर्यंत ताठ मानेने सांगत होते.

अल्बमचं नाव 'बारा व्होल्ट'. आठ गाणी, शब्द मराठी, चाल संथ आणि जड, गिटार अगदी खालच्या सुरात. गाण्यांच्या खाली ऐकणाऱ्यांची मतं असतात. ती मी रोज वाचते. सध्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू आहेत. मुलं लंबकाचे झोके मोजतात आणि मी टेबलाखाली मोबाइल धरून मतं वाचते. मुलांचे मोबाइल मी बाहेर ठेवायला लावलेले असतात.

एकाने लिहिलंय, 'भावा, हा साउंड म्हणजे सरळ सत्तरच्या दशकातलं इंग्लंड.' दुसरा त्याला म्हणतो, 'इंग्लंड कुठलं? एवढं लो ट्यूनिंग अमेरिकेतल्या वाळवंटातले बँडच करतात.' तिसऱ्याला गिटारच्या नाकातल्या आवाजात जुन्या गॅरेज बँडांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. एकाने तर शाळेच्या निबंधाएवढं लिहून सिद्ध केलंय की नितीनचा संथपणा हा शहरी वेगाला दिलेला नकार आहे. हे वाचून मी एवढ्या जोरात हसले की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शहरी वेगाला नकार! अरे बाबांनो, आमच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती ती.

मला हेवा वाटतो. सरळ लिहून टाकते. अशा लेखात हेव्याला हुरहुर म्हणायची पद्धत आहे, पण माझी हुरहुर नाही. अल्बमला मिळालेला प्रत्येक अंगठा मला टोचतो. 'काय डोकं आहे या माणसाचं' असं कुणी लिहिलं की मला त्या माणसाचा पत्ता शोधून त्याच्या घरी जावंसं वाटतं.

आमची बाग दिंडोरीच्या अलीकडे. फेब्रुवारीत तिथे दोनच कामं असत, द्राक्षांची तोडणी आणि बारावीचा अभ्यास. त्या वर्षी नितीन अभ्यासाला आमच्याकडे येऊन राहिला होता, कारण मनमाडला त्यांचं रेल्वे क्वार्टर रुळांना अगदी खेटून होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा दोघांना मळ्यातल्या मचाणावर बसवलं. वरून सगळी बाग दिसायची. पुस्तकं वाचा आणि पाखरं राखा, असा हुकूम. तेव्हा बागांवर आजच्यासारख्या जाळ्या नव्हत्या. मणी गोड झाले की साळुंक्या आणि बुलबुल उतरायचे आणि प्रत्येक घडातला एकेक मणी फोडून ठेवायचे. फोडलेल्या मण्याचा घड व्यापारी हातात घेत नाही.

पाखरांसाठी अण्णांनी भोंगा लावला होता. भंगारातून आणलेला जीपचा टेप, गावातल्या मंडपवाल्याने टाकून दिलेला ॲम्प्लिफायर, कडुलिंबाला बांधलेला पत्र्याचा भोंगा, आणि या सगळ्याला वीज द्यायला ट्रॅक्टरची काढून टाकलेली बारा व्होल्टची बॅटरी. आधी भजनं लावली. मग सिनेमाची गाणी. पहिले दोन दिवस पाखरं घाबरली, तिसऱ्या दिवशी एक साळुंकी त्या भोंग्यावरच येऊन बसली आणि मान तिरकी करून ऐकायला लागली. अण्णा खालून म्हणाले, "हिला पाठ झालं हे. दुसरं काहीतरी लावा."

दुसरं नितीनकडे होतं. मनमाड स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये कुणी परदेशी प्रवासी एक कॅसेट विसरून गेला होता आणि रेल्वेत असलेल्या काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ती घरी आणली होती. वर निळ्या शाईत काहीतरी खरडलेलं, कुठल्या भाषेत तेही कळेना. आत रॉक होतं. गाणारा असा काही चिडलेला की पहिल्याच किंकाळीला अख्ख्या बागेवरून थवा उठला. अण्णांनी हातातली कात्री खाली ठेवली, वर पाहिलं आणि म्हणाले, "हेच राहू द्या. हा मानूस लय तापलेला हाय, पण कामाचा हाय."

त्या संगीतावरचं मी ऐकलेलं ते पहिलं मत. दुसरं सोनीबाईचं. सुरगाण्याकडच्या बाया तोडणीला यायच्या, त्यात ही सगळ्यांत पुढे. ती घड कापता कापता म्हणाली, "ह्याच्या पोटात दुखतं का काय? ओवा द्या कुनी त्याला." बाया हसून हसून वेलीखाली बसल्या.

ते कुणाचं गाणं होतं हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. पट्टीवरचं निळं नाव पहिल्या आठवड्यात घामाने पुसलं गेलं. त्यामुळे नितीनवर नेमका कुणाचा प्रभाव आहे यावर जे लोक भांडतायत, त्यांना उत्तर कधीच मिळणार नाही. या एका गोष्टीचं मला बरं वाटतं.

बॅटरी सकाळी भरलेली असायची. दुपारपर्यंत गाणारा ठीक असायचा. तीन वाजले की बॅटरी उतरायला लागायची आणि टेप हळू व्हायचा. गाणं लांबायचं, आवाज जाड व्हायचा, ढोल एकेक करून पडायचे. पाच वाजेपर्यंत तो चिडलेला माणूस जांभया देत गायचा. सोनीबाई तेव्हा म्हणायची, "आता बरा गातो. आता समजतं."

मलाही तेव्हाच समजायचं. माझ्याकडे गिटार होती. दहावीला चांगले मार्क मिळाले म्हणून अण्णांनी नाशिकच्या मेन रोडवरून आणून दिलेली. गावात ती तंबोऱ्याची धाकटी बहीण समजली जायची. सकाळचं गाणं पकडता यायचं नाही, बोटं मागे पडायची. संध्याकाळचं हळू गाणं हाताला लागायचं, पण सूर जुळेना, कारण टेप अर्धवट खाली उतरलेला. मग मी गिटारच्याच तारा सैल केल्या. सूर जुळेपर्यंत खुंट्या फिरवत गेले. तार सैल केली की कंपनसंख्या उतरते हे मी आता फळ्यावर आकृती काढून शिकवते. त्या दिवशी ते मचाणावर माझ्या बोटांना कळलं. जाड तार तर इतकी लोंबायची की दांड्यावर आपटून खरखरायची. नितीन म्हणाला, "खराब वाजतेय." मी म्हटलं, "वाजू दे, भोंगा पण असाच वाजतो."

त्या खरखरीवर आज एकशे बारा लोकांची मतं आहेत.

तारा मी सैल केल्या, हे मला कुणाला तरी सांगायचंय. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मी मचाणावर बसवलेले पाच सूर येतात, त्यातला चौथा खरं तर चुकलेला आहे. माझं बोट घसरलं होतं. नितीन म्हणाला होता, "चुकलीस, पण तसंच ठेव." त्याने तसंच ठेवलंय, इतकी वर्षं. एका जाणकाराच्या मते तो चौथा सूर अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून आला आहे. शेत बरोबर आहे, पीक चुकलं.

मुलाखतही आली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, तुमच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे? नितीनने पाच परदेशी बँडांची नावं घेतली, घसा खाकरला आणि आणखी दोन घेतली. मी ती मुलाखत स्वयंपाकघरात कणीक मळताना ऐकली. त्या दिवशी पोळ्या सगळ्यांना चिवट लागल्या. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलं, टाळ्या, पेढे यांची रांग लागली. मीही टाळ्या टाकल्या, दोनच. संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "तू पण वाजवायचीस ना ग काहीतरी तेव्हा?" काहीतरी! मी म्हटलं, "हो, पेटी." आईला ते खरं वाटलं.

गिटार मीच त्याला दिली होती. हे लिहायचं टाळत होते. निकाल लागला, नितीनला पुण्याला इंजिनीअरिंगला जागा मिळाली, मला नाशिकलाच बीएस्सीला. तो निघाला त्या दिवशी आमच्या ओसरीवर बॅगा बांधत होता आणि मी आतून गिटार आणून त्याच्या बॅगेवर ठेवली. "हॉस्टेलवर घेऊन जा. मला आता कुठे वेळ मिळणारे?" कुणीही मला सांगितलं नव्हतं. आईने नाही, अण्णांनी तर नाहीच. सगळे म्हणाले, किती मोठं मन आहे पोरीचं. ते मोठं मन मला इतकं आवडलं की आत काय गेलं हे मी बघितलंच नाही. तो म्हणाला, "वापरतो आणि दिवाळीला आणून देतो." त्यानंतर पुष्कळ दिवाळ्या झाल्या.

आठवं गाणं मी बरेच दिवस पूर्ण ऐकत नव्हते. ते लांब आहे आणि शेवटी गिटारी थांबून नुसती घरघर राहते. मतं वाचताना मात्र दिसायचं की सगळ्यांत जास्त भांडण त्या शेवटावर आहे. घरघरीत कुणीतरी जाड, ओढलेल्या आवाजात काही पुटपुटतं. एक म्हणतो, हा तिबेटी मंत्र आहे. दुसरा म्हणतो, उलटा लावलेला आवाज आहे, सुलटा केला तर सैतानाचं नाव येतं. आणि मग एक हाक येते, छातीतून निघून वर जाऊन फाटणारी. ती आफ्रिकेतल्या गुराख्यांची आहे की मशीनवर बनवलेली, यावर दोन तट पडलेत.

शेवटी एका दुपारी, मुलांची जर्नलं तपासून झाल्यावर, स्टाफरूममध्ये कुणी नाही बघून मी हेडफोन लावले आणि शेवटपर्यंत ऐकलं. तो मंत्र पृष्ठताणाची व्याख्या होता. बारावीच्या पुस्तकातली, माझ्या आवाजात, हळू केलेली. आम्ही तेव्हा नितीनच्या टेपरेकॉर्डरवर व्याख्या बोलून ठेवायचो आणि झोपाळल्या दुपारी त्या ऐकत पाठ करायचो. व्याख्या बोलता बोलता पाखरं उतरली असणार आणि मी टेप चालू ठेवूनच ओरडले असणार. 'हुर्र्या… हो… ओ…' माझी हाक शेजारच्या दोन बागांपर्यंत जायची. त्यांचे पाखरं राखणारे त्या वेळेला जेवून घ्यायचे.

मी तिथूनच नितीनला फोन लावला.

"वैशे! ऐकलास का अल्बम?"

"ऐकला. चांगला आहे." हे एवढं बोलायला मला तीन आठवडे लागले होते. "शेवटच्या गाण्यात कोण ओरडतंय?"

"तुला कळलं?"

"माझा आवाज मला कळणार नाही?"

"आईकडे मनमाडला ती व्याख्यांची कॅसेट सापडली ग. वाजेल असं वाटलं नव्हतं. बँडमधले सगळे म्हणाले, हे शेवटी पाहिजेच."

"मग नाव का नाही टाकलंस?"

"टाकणार होतो. पण त्यासाठी तुला विचारावं लागलं असतं. आणि तू गिटारचं विचारलं असतंस."

मी विचारलंच. "कुठे आहे ती?"

"आहे ना. तिसरं गाणं तिच्यावरच वाजवलंय. ती खरखर दुसऱ्या कुठल्या गिटारीतून येतच नाही."

"आणि मुलाखतीत ती सात नावं घेतलीस ती? अण्णांची बाग, भोंगा, बॅटरी, यातलं काही आठवलं नाही?"

"सगळं सांगितलं होतं, वैशे. तुझंही. त्यांनी कापलं. म्हणाले, ऐकणाऱ्यांना हे खोटं वाटेल." मग हळूच म्हणाला, "अल्बमचं नाव कशावरून ठेवलं असेल मग?"

माझा राग त्याने काढून घेतला. हेवा तेवढा माझ्याकडे राहिला, आता त्याला टेकायला रागही नाही. मी म्हटलं, "गिटार परत आणून दे."

"आणतो. तू वाजवणारेस?"

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही, खरंच विचारत होता. मी म्हटलं, जर्नलवर सह्या घ्यायला मुलं आलीत, आणि फोन ठेवला. स्टाफरूममध्ये कुणीच आलं नव्हतं.

गेल्या रविवारी बागेत गेले. आता बाग माझा धाकटा भाऊ बघतो. निर्यातीच्या प्लॉटवर त्याने पांढरी जाळी टाकलीय, मागच्या दोन एकरांवर मात्र काही नाही, तो माल इथल्याच बाजारात जातो. मचाण कधीच मोडलं. अण्णा कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. त्याच्या फांदीवर भोंग्याच्या तारेचा वळ अजून आहे. मी गाडीत बसूनच एक काम उरकून घेतलं. आठव्या गाण्याखाली लिहिलं, 'शेवटी ओरडणारी मी आहे. द्राक्षाच्या बागेत पाखरं हाकताना.' या दोन ओळी मी आठवडाभर लिहून पुसत होते. या वेळी पाठवल्या.

मग अण्णांपाशी जाऊन बसले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला जरा कमी येतं. मोबाइल त्यांच्या कानाशी धरून तिसरं गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बॅटरी उतरली तुझ्या मोबाइलची. चार्जिंगला लाव."

हजारो लोकांनी ऐकलेला तो अल्बम एका माणसाला बरोबर कळला होता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी गाणी पुढे पुढे ढकलत आठव्यावर आले. घरघर झाली, पृष्ठताण झाला, आणि हाक आली. अण्णांनी पटकन डोळे उघडून बागेकडे पाहिलं. "पाखरं आली का?"

तेवढ्यात मोबाइल थरथरला. माझ्या दोन ओळींना उत्तर आलं होतं. 'काकू, काहीही! ते आफ्रिकन सँपल आहे. नीट हेडफोन लावून ऐका.' पुढे जोडलेले हात. त्याच्या उत्तराला तोवर चौदा अंगठे मिळाले होते. माझ्या ओळींना एक होता, तो सईचा.

पुरावा काय देणार? कॅसेट नितीनकडे, गिटार नितीनकडे, अण्णांना मोबाइलवर टाइप करता येत नाही. सगळ्यांत जास्त हेवा मला त्या क्षणी त्या सतरा वर्षांच्या मुलीचा वाटला, जिला ओरडायला कुणाचं नाव, कुणाची परवानगी लागली नव्हती. तिला पृष्ठताण येत होता, गिटार येत होती आणि ती ओसरीवरून दोन पावलं आत जाऊन काय आणून देणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

मागच्या दोन एकरांवर साळुंक्या उतरल्या होत्या. मी मोबाइल अण्णांच्या मांडीवर ठेवला, बांधापर्यंत गेले, तोंडाशी हात धरले आणि ओरडले. आवाज पूर्वी फाटायचा त्याच्या बराच आधी फाटला. खोकला आला. पण बागेवरून सगळा थवा एकदम वर उठला, वळला आणि नदीच्या बाजूला निघून गेला.

मागून अण्णा म्हणाले, "बास, गेली पाखरं."

पाखरं गेली होती. मी परत ओरडले.